आघाडीवीराची पारख

जळगाव शहर सोन्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. लोक त्याला 'सुवर्णनगरी' म्हणतात. दागिना चकाकतो म्हणून सराफ त्याची किंमत ठरवत नाही. पूर्वी सराफ काळ्या कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहत. आता त्यासाठी यंत्रे आली आहेत. खानदेशातला कापसाचा जाणकार व्यापारीही नुसता ढीग पाहून भाव सांगत नाही. तो मूठभर कापूस हातात घेतो, बोटांनी हळूच ओढतो आणि धागा किती लांब आहे ते पाहतो. यालाच मराठीत 'पारखणे' म्हणतात. उर्दूतला 'परख' हा शब्द तुम्हाला माहीत आहेच.

सोने आणि कापूस पारखता येतो, तसा खेळाडूही पारखावा लागतो. आज आपण फुटबॉलमधल्या एका खेळाडूची पारख कशी करतात ते समजून घेऊ. हा खेळाडू म्हणजे आघाडीवीर. इंग्रजीतून आलेला 'स्ट्रायकर' हा शब्द मैदानावर अधिक ऐकू येतो.

समजा, एका क्लबला स्ट्रायकर हवा आहे. क्लबजवळ पैसे एकाच खेळाडूपुरते आहेत आणि समोर तीन नावे आहेत. कोणाला घ्यावे? प्रश्न सोपा वाटतो. "ज्याने सर्वांत जास्त गोल केले, त्याला घ्या," असे कोणीही सांगेल. पण हे उत्तर नेहमी बरोबर ठरत नाही. का, ते पाहू.

स्ट्रायकर इतका महाग का?

फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. इतकी मोठी जागा असूनही ९० मिनिटांच्या सामन्यात बहुधा दोन-तीनच गोल होतात. क्रिकेटमध्ये एका डावात शेकडो धावा होतात, त्यामुळे एका धावेची किंमत कमी असते. फुटबॉलमध्ये एकच गोल सामना जिंकून देतो. म्हणून जो खेळाडू सातत्याने गोल करतो, त्याला मागणी फार असते. साहजिकच बाजारात त्याची किंमत वाढते.

पण गोल हे एकट्याचे काम नाही. गोलरक्षकाने चेंडू अडवला, बचावफळीने तो पुढे दिला, मधल्या फळीने वाट शोधली, कडेच्या खेळाडूने पास दिला आणि शेवटी स्ट्रायकरने चेंडू जाळ्यात मारला. वर्तमानपत्रात नाव मात्र शेवटच्या खेळाडूचे येते. पारख करणाऱ्याने ही पूर्ण साखळी पाहिली पाहिजे.

आकडे काय सांगतात?

आता आपल्या तीन खेळाडूंचा हिशेब करू. हे खेळाडू केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत.

पहिल्या खेळाडूने मागच्या हंगामात १४ गोल केले. तो १,८०० मिनिटे खेळला.

दुसऱ्याने ८ गोल केले. तो १,००० मिनिटे खेळला.

तिसऱ्याने ६ गोल केले. तो १,५०० मिनिटे खेळला.

नुसते गोल पाहिले तर पहिला खेळाडू सर्वांच्या पुढे आहे. आता मिनिटांना गोलांनी भागा. पहिल्याने सुमारे १२९ मिनिटांत एक गोल केला. दुसऱ्याने १२५ मिनिटांत एक गोल केला. म्हणजे दोघे जवळजवळ सारखेच! दुसऱ्याला मैदानावर संधीच कमी मिळाली होती.

पुढचा प्रश्न विचारा. या गोलांपैकी पेनल्टीचे गोल किती? पेनल्टी गोलापासून ११ मीटरवरून मारतात आणि समोर फक्त गोलरक्षक असतो. चांगल्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये चारपैकी सुमारे तीन पेनल्टींवर गोल होतो. समजा, पहिल्याचे ५ गोल पेनल्टीचे आहेत आणि इतर दोघांचा एकही नाही. ते वजा केल्यावर पहिल्याचे ९ गोल उरतात. म्हणजे २०० मिनिटांत एक गोल. आता दुसरा खेळाडू खूप पुढे गेला.

इथेही थांबू नका. या तिघांनी इतरांना गोल करून देण्यासाठी किती पास दिले? समजा, पहिल्याने १, दुसऱ्याने २ आणि तिसऱ्याने ७ दिले. तिसऱ्याचे गोल आणि असे पास मिळवले तर १३ होतात. म्हणजे सुमारे ११५ मिनिटांत एकदा त्याच्यामुळे संघाचा गोल झाला. पहिल्याच्या बाबतीत हे १८० मिनिटांत एकदा घडले आणि दुसऱ्याच्या बाबतीत १०० मिनिटांत एकदा. सर्वांत मागे वाटणारा तिसरा खेळाडू आता पहिल्याच्या पुढे आला.

मग दुसऱ्यालाच घ्यावे का? आणखी एक माहिती मिळते. त्याने ८ पैकी ३ गोल एकाच सामन्यात, अगदी दुबळ्या संघाविरुद्ध केले होते. तो एक सामना बाजूला ठेवला तर ९१० मिनिटांत ५ गोल उरतात. म्हणजे १८२ मिनिटांत एक गोल. अर्थात, हाच नियम इतर दोघांनाही लावून पाहिला पाहिजे. एकाला कडक माप आणि दुसऱ्याला सैल माप, असे केले तर तो न्याय होणार नाही.

पाहिलेत ना? आकडे खोटे बोलत नाहीत, पण एक आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही. आकडा निवड करून देत नाही. पुढे कोणता प्रश्न विचारायचा, एवढे तो सांगतो.

नशिबाचा वाटा

परीक्षेत कधी कधी आपण वाचलेलेच प्रश्न येतात आणि गुण भरपूर मिळतात. पुढच्या परीक्षेत तसे होईलच असे नाही. स्ट्रायकरचेही असेच असते. एखाद्या वर्षी त्याने मारलेला चेंडू खांबाला लागून आत जातो. दुसऱ्या वर्षी तसाच चेंडू खांबाला लागून बाहेर जातो.

म्हणून आजचे मोठे क्लब केवळ गोल मोजत नाहीत, संधीही मोजतात. गोलापासून पाच मीटरवर मिळालेली संधी सोपी असते, तीस मीटरवरून मारलेला फटका अवघड असतो. अशा हजारो फटक्यांचा अभ्यास करून प्रत्येक संधीतून गोल होण्याची शक्यता काढतात. त्या शक्यतांच्या बेरजेला 'अपेक्षित गोल' म्हणतात. एखाद्याचे अपेक्षित गोल ७ आहेत आणि त्याने प्रत्यक्षात १४ केले, तर तो फार कुशल असेल किंवा त्या वर्षी त्याचे नशीब जोरावर असेल. एकाच हंगामावरून हे कळत नाही. दोन-तीन हंगाम पाहावे लागतात. उलट, एखाद्याला संधी खूप मिळतात पण गोल थोडेच होतात, तर त्याला लगेच नापास करू नये. योग्य जागी पोहोचणे हेही कौशल्यच आहे.

मुंबईचा धडा

आता एक खरी गोष्ट ऐका. मुंबई सिटी हा आपल्या राज्यातला क्लब २०१४ पासून इंडियन सुपर लीग या स्पर्धेत खेळू लागला. २०२०-२१ च्या हंगामात या क्लबने मोठा पराक्रम केला. साखळी सामन्यांत पहिला क्रमांक मिळवला आणि १३ मार्च २०२१ रोजी गोव्यात अंतिम सामनाही २-१ असा जिंकला. ९० व्या मिनिटाला बिपिन सिंग याने विजयी गोल केला. त्याला चेंडू दिला होता बार्थोलोम्यू ओगबेचे या नायजेरियाच्या स्ट्रायकरने.

ओगबेचे हा अनुभवी खेळाडू. २००२ च्या विश्वचषकात तो वयाच्या १७ व्या वर्षी खेळला होता. मुंबईकडे येण्याआधी केरळच्या संघाकडून त्याने एका हंगामात १५ गोल केले होते. मुंबईत मात्र त्याचे ८ गोल झाले. कारण आघाडीची जागा एक आणि स्ट्रायकर दोन होते. इंग्लंडचा अ‍ॅडम ले फाँड्रे हा दुसरा स्ट्रायकर. त्याने ११ गोल केले.

त्याच हंगामात एफ. सी. गोवा संघाचा स्पेनचा खेळाडू इगोर अँगुलो याने १४ गोल केले. रॉय कृष्णा या खेळाडूचेही १४ गोल होते. पण अँगुलो कमी मिनिटे खेळला होता, म्हणून सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन बूट' त्याला मिळाला. मिनिटांचे महत्त्व इथेही दिसते.

हंगाम संपला. ओगबेचे मुंबई सोडून हैदराबाद संघात गेला. मुंबईने अँगुलोशी करार केला. दोघांचा जन्म १९८४ सालचा, म्हणजे वयात फारसा फरक नाही. कागदावर हिशेब सरळ दिसत होता. ८ गोलांचा खेळाडू गेला आणि १४ गोलांचा आला.

पुढे काय झाले? २०२१-२२ च्या हंगामात ओगबेचेने हैदराबादकडून १८ गोल केले. गोल्डन बूट त्याला मिळाला आणि हैदराबादने ती स्पर्धा जिंकली. अँगुलोने मुंबईकडून १० गोल केले. मुंबईचा संघ पाचव्या क्रमांकावर राहिला. पहिल्या चार संघांनाच उपांत्य फेरीत जागा होती, त्यामुळे मुंबईची संधी हुकली.

याचा अर्थ अँगुलो वाईट खेळाडू होता का? मुळीच नाही. १० गोल ही चांगलीच कामगिरी आहे. पण गोव्याच्या संघात त्याच्या आजूबाजूला जे खेळाडू होते, ते मुंबईत नव्हते. मुंबईचा संघही बदलला होता. प्रशिक्षक बदलले होते आणि मधल्या फळीतून गोलांच्या संधी निर्माण करणारा ह्यूगो बूमू दुसऱ्या क्लबकडे गेला होता. तिकडे हैदराबादमध्ये ओगबेचे हा आघाडीचा मुख्य खेळाडू झाला. खेळाडू तेच होते. त्यांच्याभोवतीचा संघ बदलला होता.

पुढच्या वर्षी मुंबईने होर्हे पेरेरा दियाझ या अर्जेंटिनाच्या स्ट्रायकरला घेतले. आधीच्या हंगामात केरळकडून त्याचे ८ गोल होते, म्हणजे आकडा मोठा नव्हता. पण तो बचावपटूंच्या मागे धावे, त्यांच्याकडून चेंडू हिसकावून घेई आणि साथीदारांसाठी जागा मोकळी करून देई. २०२२-२३ मध्ये त्याने ११ गोल केले. कडेने खेळणाऱ्या लालियनझुआला छांगटेनेही १० गोल केले. मुंबईने ४६ गुणांसह साखळीत पहिला क्रमांक मिळवला. स्ट्रायकर संघाला जुळला की इतरांचेही गोल वाढतात, हे यावरून दिसते.

आणखी जुने उदाहरण सुनील छेत्रीचे आहे. २०१५ साली झालेल्या लिलावात मुंबई सिटीने त्याच्यासाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. छेत्रीने ११ सामन्यांत ७ गोल करून आपले काम चोख केले. तरीही आठ संघांत मुंबई सहाव्या क्रमांकावर राहिली. उत्तम स्ट्रायकर घेतला म्हणजे संघातली सारी छिद्रे बुजत नाहीत.

आपल्या संघाला कोण हवा?

म्हणून नावे पाहण्याआधी क्लबने स्वतःकडे पाहावे. आपला संघ कसा खेळतो?

कडेचे खेळाडू वेगाने पुढे जाऊन चेंडू उंच टाकत असतील, तर डोक्याने गोल करणारा उंच स्ट्रायकर उपयोगी पडेल. संघ मागे थांबून बचाव करत असेल आणि अचानक हल्ला करत असेल, तर लांब धाव घेणारा चपळ खेळाडू हवा. संघ लहान लहान पास देत पुढे सरकत असेल, तर गर्दीतही चेंडू पायाशी ठेवणारा खेळाडू हवा. उंच खेळाडू घेतला आणि त्याच्याकडे उंच चेंडू टाकणाराच कोणी नसला, तर तो बिचारा काय करील? विहिरीला पाणी आहे, पण दोर आणि बादली नाही, अशी त्याची स्थिती होते.

मैदानावर जाऊन पाहा

आकड्यांनंतर डोळ्यांची पाळी येते. मोठे क्लब खेळाडू पाहण्यासाठी खास माणसे पाठवतात. ही माणसे एकच सामना पाहून मत देत नाहीत. ती घरच्या मैदानावरचा सामना पाहतात, बाहेरचाही पाहतात. संघ जिंकत असताना पाहतात, हरत असतानाही पाहतात.

स्ट्रायकरकडे चेंडू नसताना तो काय करतो, हे त्यांना पाहायचे असते. एका सामन्यात स्ट्रायकरच्या पायाशी चेंडू जेमतेम काही मिनिटे असतो. उरलेला सगळा वेळ तो कुठे उभा राहतो? बचावपटूला चुकवून मोकळ्या जागेत जातो का? चेंडू गमावल्यावर तो परत मिळवायला धावतो, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? सोपी संधी हुकल्यावर पुढची संधी मागतो, की तोंड लपवतो? साथीदाराने चुकीचा पास दिला तर ओरडतो, की त्याला धीर देतो? त्याला दोन्ही पायांनी फटका मारता येतो का? आधी कोणती दुखापत झाली होती? या प्रश्नांची उत्तरे गोलांच्या यादीत मिळत नाहीत.

हवा आणि मैदान यांचाही विचार करावा लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. थंड हवेत भरपूर धावणारा खेळाडू इथे अर्ध्या तासात थकू शकतो. जळगावचे सागर पार्क असो की धुळ्याचे गरुड मैदान, उन्हाळ्यात आपल्याकडची जमीन कोरडी आणि टणक होते. अशा जमिनीवर चेंडू जास्त उसळतो आणि वेगाने पळतो. मऊ हिरवळीवर सफाईने चेंडू थांबवणाऱ्याला इथे सराव करावा लागतो.

करार आणि कागदपत्रे

खेळाडू पसंत पडला तरी काम संपत नाही. आता करार करायचा असतो. खेळाडूचा जुन्या क्लबशी करार चालू असेल, तर त्या क्लबची संमती लागते आणि बहुधा त्याला पैसेही द्यावे लागतात. करार संपला असेल, तर खेळाडू मोकळा असतो. काही वेळा एखादा क्लब ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या क्लबचा खेळाडू घेतो आणि मुदत संपल्यावर परत पाठवतो. ज्याची खात्री नाही त्याला पारखून पाहण्याची ही चांगली पद्धत आहे.

नव्या खेळाडूंची नोंद वर्षभर कधीही करता येत नाही. त्यासाठी वर्षातून दोन वेळा मुदत ठरवून दिलेली असते. मुदतीचा शेवटचा दिवस जवळ आला, की काही क्लब घाबरून भलत्याच किमतीला भलताच खेळाडू घेतात. घाईचा सौदा बाजारात महाग पडतो, तसाच तो मैदानावरही पडतो.

फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. १८ वर्षांखालील खेळाडूसाठी ही मर्यादा तीन वर्षांची आहे. कराराचा प्रत्येक शब्द वाचल्याशिवाय सही करू नये. मुलगा लहान असेल तर त्याच्या आईवडिलांनीही करार वाचला पाहिजे.

शाळेच्या संघासाठी

तुम्ही म्हणाल, "आम्ही कुठे खेळाडू विकत घेतो?" खरे आहे. शाळेच्या संघात पैशांचा व्यवहार नसतो. पण निवड तर असतेच! सुब्रोतो मुखर्जी चषक ही शालेय फुटबॉल स्पर्धा १९६० साली सुरू झाली. भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांचे नाव तिला दिले आहे. तिच्यात १७ वर्षांखालील मुलांचे आणि मुलींचे गट असतात. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात जिंकलेला संघ नाशिक विभागाच्या फेरीत जातो, तिथून राज्याच्या आणि मग देशाच्या फेरीत. शालेय सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. हरला तो संघ बाहेर. चूक सुधारायला दुसरा सामना मिळत नाही.

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्या फेरीत दुबळ्या संघाविरुद्ध ५ गोल केले. दुसऱ्या मुलाने उपांत्य सामन्यात बलवान संघाविरुद्ध एकच गोल केला, पण शेवटच्या मिनिटापर्यंत तो बचावालाही धावला. पुढच्या वर्षी संघ निवडताना सर्वांच्या तोंडी पहिल्याचे नाव असेल. दुसऱ्याचे नाव कोण घेईल? पारख करणाऱ्याने ते घेतले पाहिजे. पहिल्याला वगळा असे मी म्हणत नाही. दोघांनाही एकाच मापाने मोजा, एवढेच.

काही वेळा शिफारशीवरून नावे येतात. "हा माझ्या ओळखीचा आहे, याला घ्या." काही वेळा कोणी वय कमी दाखवून लहान गटात खेळतो. अशा एका खोट्या कागदामुळे खऱ्या वयाच्या एका मुलाची जागा जाते. तो मुलगा मैदानाबाहेर उभा राहून सामना पाहतो आणि कदाचित पुन्हा कधीच खेळत नाही. वशिला आणि लबाडी यांनी एखादा चषक मिळेल, पण चांगला खेळाडू मात्र घडणार नाही.

धीर धरा

शेवटची गोष्ट धीराची. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबने २०१२ साली जेमी वार्डी या स्ट्रायकरला घेतले. तो पाचव्या श्रेणीच्या लीगमधून आला होता. त्याआधी तो कारखान्यात काम करून फुटबॉल खेळत असे. पहिल्या हंगामात लीगमध्ये त्याचे फक्त ४ गोल झाले. प्रेक्षक नाराज झाले, त्याचा स्वतःचाही धीर सुटत चालला. क्लबने मात्र त्याला सोडले नाही. २०१५-१६ मध्ये त्याच वार्डीने लीगमध्ये २४ गोल केले. सलग ११ सामन्यांत गोल करण्याचा विक्रम केला आणि लेस्टरचा संघ इंग्लंडचा विजेता झाला.

नवा खेळाडू नव्या गावात येतो. तिथली भाषा वेगळी, जेवण वेगळे, साथीदार वेगळे. नव्या शाळेत पहिल्या दिवशी आपल्यालाही कसे वाटते? खेळाडूलाही तसेच वाटते. त्याला थोडा वेळ दिला पाहिजे. अर्थात, वाट किती दिवस पाहायची हेही आधीच ठरवले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, इतकी काळजी घेऊनही निवड चुकू शकते. पायाला दुखापत होते, प्रशिक्षक बदलतो, साथीदार निघून जातात. उद्याचा गोल आज कोणालाच मोजता येत नाही. पण नीट विचारपूस करून केलेली निवड आणि एका आकड्यावर भुलून केलेली निवड यांत मोठा फरक आहे. पहिली चुकली तरी तिच्यातून शिकायला मिळते. दुसरी बरोबर आली, तरी तो केवळ योगायोग असतो.

पुढच्या वेळी तुमच्या शाळेचा संघ निवडला जाईल, तेव्हा एक वही घ्या. कोण किती मिनिटे खेळला, कोणाविरुद्ध खेळला, कोणाला पास दिला, चेंडू नसताना काय केले, हे सारे लिहून ठेवा. ती वही आपल्या क्रीडाशिक्षकांना दाखवा. ज्याचे नाव कोणी घेत नाही, असा एखादा चांगला खेळाडू कदाचित तुमच्या वहीतूनच संघाला मिळेल.

स्वाध्याय

१. 'एक आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही' हे विधान पाठातील तीन खेळाडूंच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. २०२१-२२ च्या हंगामात मुंबई सिटी संघाला अपेक्षित यश का मिळाले नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. एका खेळाडूने ९०० मिनिटांत ६ गोल केले. त्यांपैकी २ पेनल्टीचे होते. पेनल्टीचे गोल सोडून त्याने किती मिनिटांत एक गोल केला?

४. पारख, करार, शिफारस, हिशेब, मैदान हे शब्द तुमच्या वाक्यांत वापरा. त्यांचे उर्दूतील उच्चार आपल्या शिक्षकांना सांगा.

५. तुमच्या शाळेच्या संघासाठी एक खेळाडू निवडायचा आहे. तुम्ही कोणते पाच प्रश्न विचाराल? वर्गात चर्चा करा.